आठच्या पुढे

पटायचं त्याला पटेल. पण हे घडलेलं आहे.

सन १९३८. लोणावळ्याजवळचं औंढे. श्रावण सरत आला होता.

महिपती रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होता. त्याची जुनी मोटार ओढ्यापलीकडे छपरात उभी असे. अलीकडे घर. मध्ये दोन फळ्यांचा साकव. मोटारीचा दिवा विझवला, की साकव अंधारात चाचपडत ओलांडावा लागे.

म्हणून त्याने मोटारीत एक पेटी बसवली होती. टेलिफोनचा भंगार रिले आणि रेडिओतले कंडेन्सर. बटण दाबून सोडलं, की भरलेला कंडेन्सर हळूहळू रिकामा होई. तोवर रिले दिवा धरून ठेवी. मग 'टक्' आवाज. अंधार.

साकव बारा पावलांचा होता.

त्या दुपारी महिपती ड्यूटीला पायीच निघाला. लेक लीला मोटारीत कादंबरी घेऊन बसली होती.

"लीले, कंडेन्सर बदललाय. जुनाच हाय, लवकर रिकामा व्हतो का बघ. बटन दाब आन दिवा जाईस्तोवर मोज. पर एक म्हनू नगं, लाभ म्हन."

"आबा, भात मोजतोय का आपण?"

"उजेड बी धान्यच की! पयल्या मापाला कुनी एक म्हनतं व्हय? बुकं वाचून येडी झालीस."

दोघंही हसली. तो गेला.

कादंबरी ऐन रंगात आली होती...

सकाळी त्याने विचारलं, "किती भरले गं?"

"बारा, आबा."

"झ्याक!"

त्या दिवशी तो मोटार घेऊन गेला. सांजेला परतला, तेव्हा ओढा फळ्यांना लागला होता. मोटार थांबली. साकवावर उजेड पडला. धुक्यातून त्याचा आवाज आला, मुद्दाम मोठ्याने.

"लाभ... दोन... तीन..."

"आला बघ मोजत," लीलाची आई विठाबाई चुलीपाशी हसली. "ल्हान पोरागत."

"...सात... आठ..."

उजेड गेला.

नऊ आलंच नाही.

पाय घसरला, असं गाव म्हणालं. लीलानेही होकारार्थी मान हलवली.

वर्ष झालं. श्राद्ध उरकलं. मोटारीची बॅटरी केव्हाच विकली होती. दिवेलागणीला लीला ओसरीवर एकटी बसली होती.

बेडूक गप्प झाले.

मग ओढ्याचा आवाजही थांबला...

साकवावर उजेड पडला.

"लाभ... दोन..."



"...सात... आठ..."

टक्.

अंधार. पुन्हा उजेड. पुन्हा लाभ. पुन्हा आठ.

आतून विठाबाईने हाक मारली, "लीले, अंधारात काय बघतीस गं?"

आईला उजेड दिसत नव्हता.

लीला कंदील घेऊन साकव ओलांडून गेली. मोटारीतली पेटी उघडली. तारा तुटलेल्या. रिलेत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. बॅटरीची जागा रिकामी.

मागे फळी करकरली.

ओल्या पावलांचा आवाज. एकेक करत आठ.

मग काहीच नाही.

आणि अगदी जवळून, नेहमीच्याच मायेने...

"लीले... किती भरले गं?"

ती वळली नाही. वर्षभर दडवलेलं तिने मोठ्याने म्हटलं.

"मोजलंच नव्हतं, आबा. बटणसुद्धा दाबलं नव्हतं. मी वाचत बसले होते."