रानकुळ्यांचे कोंब

अहमदपूरच्या स्टँडवर ऑक्टोबरचं ऊन नुसतं रटरटत होतं. खेड्याकडं जाणारी दुपारची बस अजून लागली नव्हती. लातूर नवा जिल्हा झाला होता, पाट्या नव्या लागल्या होत्या, साहेब नवे आले होते... पण आभाळ तेच, कोरडं ठणठणीत. सावलीच्या अगदी टोकाला उत्पला सोनकांबळे बसली होती. पांढरी साडी, कपाळावर घाम, आणि मांडीवर लशींचा डबा. तो तिनं तान्ह्या लेकरासारखा दोन्ही हातांनी धरला होता.

टप्... टप्...

तिनं खाली पाहिलं. तिच्या चपलेवर पाणी ठिबकत होतं. शेजारच्या बाकावर एक पोतं होतं – गच्च भिजलेलं. टँकरमागं माणसं धावतात त्या दिवसांत ओलं पोतं!

"अहो, तुमचं पोतं गळतंय."

"गळू द्या सिस्टर. गळायचं थांबलं की माझं मरण हाय."

बोलणारा तरणाच होता. उन्हानं रापलेला, अंगात चुरगळलेला सदरा, नजर सारखी त्या पोत्यावर. मग ती नजर तिच्या डब्यावर गेली आणि तो एकदम पुढं सरकला.

"त्यात... बर्फ हाय न्हं?"

"आहे. लहान लेकरांच्या लशी आहेत."

"मूठभर द्या की."

"काय?"

त्यानं घाईघाईनं पोत्याचं तोंड उघडलं. उत्पला दचकून मागं सरली. आत मेलेल्या कोळ्यांच्या पायांसारखं काहीतरी होतं, मूठमूठ, भिजून फुगलेलं. आणि त्याच्या बाजूला काळे चिरमुटलेले गोळे.

"भिऊ नका, कंद हायत. फुलांचे. ह्याला रॅननक्युलस म्हणतेत. आमच्या मायला म्हणता येत न्हाई, ती रानकुळ्या म्हणते. अन् हे काळे, हे ॲनिमोन. मी हैदराबादला एका फुलवाल्याच्या बागेत होतो, तिथून आणलेत." तो एका दमात सांगत होता. "थंडीची फुलं हायत. सरळ जमिनीत घातली तर आपल्या उन्हात सडतेत. आधी भिजवायची, मग गारव्याला ठेवून कोंब काढायचे, मग लावायची. तसं केलं की समद्यांच्या आधी फुलं हाती येतेत."

"मग भिजवली कुठं? गावात तर प्यायला पाणी नाही."

"नांदेडात. गोदावरीत."

उत्पलाला हसू आलं, ते तिनं ओठांतच दाबलं. "म्हणजे आमच्या नांदेडात पोत्याला गंगास्नान घालून आणलंत."

"हसा तुम्ही. सांजपर्यंत गारवा न्हाई मिळाला तर समदं आंबतंय."

तिचं हसू मावळलं. पण डब्यावरचे हात तिनं आणखी घट्ट केले. "एक खडाही मिळणार नाही. लस गरम झाली तर टोचून उपयोग नाही."

आता हा चिडणार, हुज्जत घालणार – तिची तयारी होती. तो मात्र मान हलवून मागं सरकला.

"बरोबर हाय. लेकरं आधी."

बस आली. सबंध वाटभर तो पोत्यावर टॉवेलनं वारा घालत राहिला, आणि उत्पला खिडकीबाहेर बघायचं सोडून त्या टॉवेलकडं बघत राहिली.

गावात उतरल्यावर आरोग्य केंद्रात जाऊन तिनं लशी फ्रिजमध्ये लावल्या. डबा रिकामा झाला. तळाशी उरलेला बर्फ आता कुणाच्याच कामाचा नव्हता. ती धावतच दाराशी आली. तो पोतं खांद्यावर घेऊन वळणापर्यंत पोचला होता.

"ओ गोदावरीवाले!"

तो थांबला. तिनं बर्फाचा टोप पुढं केला. त्यानं पोतं खाली टेकवून सगळा बर्फ त्यात ओतला.

"माझं नाव शिवमूर्ती," मग म्हणाला.

"मी विचारलं नव्हतं."

"सांगून ठेवलं... पुन्यांदा हाक मारायला."

शिवमूर्तीच्या वडिलांचा, चंद्रप्पांचा मळा वस्त्यांकडं जाणाऱ्या वाटेवरच होता. उत्पला लसीकरणाला तिकडून जाई. शिवमूर्तीनं गोठ्याच्या सावलीत विटांची एकात एक दोन कुंपणं रचली होती, मधल्या फटीत वाळू भरली होती. घरातलं अंघोळीचं, भांड्यांचं सांडपाणी तो त्या वाळूवर शिंपडायचा. वारा लागला की आत माठातल्यासारखा गारवा. तिथं ओलसर मातीच्या पाट्यांमध्ये रानकुळ्या झोपल्या होत्या.

"माणसाच्या घशाला कोरड अन् हा फुलांचे लाड करून राहिला," येणारे-जाणारे टोमणे मारत. चंद्रप्पाही मारत. विहिरीच्या एका कोपऱ्यात तेवढं पाणी उरलेलं. बैलांना पुरवायचं की पोराच्या येडेपणाला, यावरून बापलेकांत रोज ठिणगी पडे. फुलं आली नाहीत तर हा नाद कायमचा सोडायचा, असं बापानं पोराकडून कबूल करून घेतलं होतं.

एके सकाळी उत्पला आली तेव्हा शिवमूर्ती पाट्यांपुढं उकिडवा बसला होता. चेहरा पार उतरलेला.

"वास येतोय न्हं?"

तिनं वाकून पाहिलं. काही कंद लिबलिबीत झाले होते. "काढा ते आधी. एकाचं दुसऱ्याला लागतं. सरका... मी पण काढते."

दोघं शेजारी बसून कंद चाचपू लागले. मऊ ते बाहेर, टणक ते परत आत. एका टणक कंदावर दोघांची बोटं एकदमच पडली. कुणीच हात काढला नाही. उत्पलाला वाटलं, आपल्या नाडीचे ठोके याला मोजता येतील...

"सिस्टर," तो हलकेच म्हणाला, "बघा."

कंदाच्या बुडाला पांढऱ्या मुळ्या फुटल्या होत्या. दोऱ्यासारख्या बारीक. आणि वर, नखाएवढा पिवळट कोंब.

"आला!" ती लहान मुलीसारखी ओरडली.

"हाव, आला," तो म्हणाला. पण तो कोंबाकडं बघत नव्हता.

कोंब फुटलेले कंद वाफ्यात गेले आणि त्याच आठवड्यात गावाचा टँकर यायचा थांबला. बौद्धवाड्यातल्या बायका नाल्यात झिरा खणून गढूळ पाणी भरू लागल्या. एका पहाटे वाड्यातली सरजाबाई नातीला छातीशी धरून केंद्रात आली. पोरीचे डोळे आत गेलेले, अंग थंड. उजाडेपर्यंत वाड्यातल्या घराघरात उलट्या-जुलाब सुरू झाले होते.

सलाईन अपुरं होतं. जलसंजीवनीची पाकिटं होती, पण ती कालवायची कशात? त्या झिऱ्याच्या पाण्यात?

उत्पला तडक चंद्रप्पांच्या मळ्यात गेली. म्हातारा विहिरीच्या काठावरच बसला होता. शिवमूर्ती खाली वाफ्यात होता.

"आप्पा, वाड्यात साथ आलीय. मला चांगलं पाणी पाहिजे."

"न्या की. गडी घागर पोचवंल."

"घागरीनं भागत नाही. सगळ्या वाड्याला लागेल, रोज. बायका इथं येऊन शेंदतील."

चंद्रप्पांचा हात मिशीवरच थांबला. "आमच्या हिरीवर? असं आजवर झालं न्हाई, सिस्टर."

"मग आज होऊ द्या." ती एक पाऊल पुढं आली. "आणि त्यांच्याबरोबर मीही शेंदणार आहे. मी त्यांच्यातलीच आहे, आप्पा. माझ्या हातून सुई टोचून घेताना तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी सांगितलं नाही."

बैलाच्या गळ्यातलं घुंगरू तेवढं वाजलं. उत्पलानं वाफ्याकडं पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर ते मागणं झालं असतं... आणि त्याच्याकडून काही मागून घ्यायचं नव्हतं तिला.

पावलं वाजली. शिवमूर्ती वर आला, खुंटीचा दोर सोडला आणि पोहरा तिच्यापुढं धरला.

"आप्पा, बैलांना मी लांबून पाणी आणीन."

"अन् फुलं?"

"गेली तर गेली."

"तुला काय झालंय, कळतंय मला!" चंद्रप्पा उठले. तिच्याकडं न बघता घराची वाट धरली. जाताना काढून ठेवलेला जोडाही काठावरच राहिला.

वाडा सावरला. एक म्हातारा तेवढा हाती लागला नाही. त्याच्यासाठी उत्पला औषधांच्या खोलीत दार लावून रडली. सरजाबाईची नात मात्र पुन्हा अंगणात पळू लागली. विहिरीवर बायका येत राहिल्या. ॲनिमोनचा वाफा पाण्यावाचून करपला. रानकुळ्या कशाबशा तगल्या. सरजाबाई पोहऱ्याच्या तळातलं उरलंसुरलं तिकडं ओतायची. "पोराचा जीव हाय त्यात," म्हणायची.

पण गावाच्या तोंडाला आता दुसरंच चघळायला मिळालं होतं. सिस्टर आणि चंद्रप्पाचं पोर... उत्पलानं मळ्याची वाट सोडली. लांबच्या पांदीनं जाऊ लागली.

एक दिवस शिवमूर्ती केंद्रात आला. "काटा रुतलाय."

"दाखवा."

त्यानं तळहात पुढं केला. तिनं उजेडात धरून पाहिला. "दिसत नाही."

"मला बी दिसत न्हाई. दुखतो लई."

तिनं हात सोडला. हसली नाही. "लोक बोलतात. तुमचं काय जातंय? पुरुष आहात. मी बदली मागणार आहे, माहूरकडं कुठंतरी."

त्यानं तळहात मिटला. "फुलं येईस्तोवर थांबा."

"आणि मग?"

"मग... विचारायची ताकद येईल मला."

"काय विचारायची?" तिनं विचारलं खरं, पण उत्तर ऐकायला ती तिथं थांबलीच नाही. आत जाऊन उगाचच सिरिंजा उकळत राहिली.

पौषातल्या थंडीत सरजाबाईच निरोप घेऊन आली – "चल बाई, बघ तरी."

उत्पला गेली. विहिरीच्या रहाटावर कोरा करकरीत दोर होता. "कुणी लावला?" तिनं विचारलं. सरजाबाईनं नुसतं गोठ्याकडं बोट केलं. तिथं चंद्रप्पा पाठमोरे, गाडीला बैल जुंपत होते.

आणि वाफा... उत्पला जागीच थबकली. कागदाच्या पातळ घड्या एकीवर एक रचाव्यात तशी फुलं. केशरी, गुलाबी, दुधाळ पांढरी. तिनं असं काही कधी पाहिलंच नव्हतं. शिवमूर्ती कळ्या हळूच दाबून बघत होता. कळी मऊ लागली की देठ कापत होता.

"आज नांदेडहून रेल्वेनं हैदराबादला निघालो," तो म्हणाला. "तिथल्या बाजारात अजून कुणाचीच आली न्हाईत."

"बरं झालं."

"येताना नांदेडात उतरणार हाय. तुमच्या वडिलांना भेटायला."

उत्पलानं वाफ्यावरची नजर उचलून त्याच्याकडं पाहिलं.

"तुमची हरकत नसंल तर," तो घाईनं म्हणाला. मग एकदम धीर करून, "उत्पला... तू न्हाई म्हणालीस तर फुलं इकून सरळ घरी येतो."

पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं होतं.

"बाबा तुमची शेती विचारणार नाहीत," ती सावकाश म्हणाली. "जातही विचारणार नाहीत. ते एकच विचारतील – माझी पोरगी तुमच्या घरात कुठल्या दारानं येणार? मागच्या, की पुढच्या?"

शिवमूर्तीनं नजर चुकवली नाही, पण 'पुढच्या' म्हणता आलं नाही. कारण ते दार एकट्या त्याचं नव्हतं.

"गाडी जुंपली," मागून चंद्रप्पांचा आवाज आला. केव्हापासून उभे होते कोण जाणे. त्यांनी फुलांच्या टोपल्या एकेक करून गाडीत ठेवल्या, दोरी बांधली आणि पुढं बसून कासरा हातात घेतला. मग, समोर बैलांकडंच बघत म्हणाले,

"सिस्टरबाई, केंद्राकडं चाललात न्हं? बसा. सोडतो."

"गाडी तर गावातून जाईल, आप्पा."

"गावातूनच जाणार. दुसरी वाट हाय कुठं?"

"लोक बघतील."

"बघू देत. पोरगं परवा नांदेडाला तुमच्या घरी जाणार म्हणतंय. एकट्याला कसं पाठवू? मी बी जातो. पुढच्या दाराचं मलाच सांगावं लागंल."

शिवमूर्तीनं चमकून बापाकडं पाहिलं. उत्पलाला काही दिसेना, डोळेच भरून आले होते. तिनं पदरानं ते पुसले, चाकावर पाय ठेवला. तोल जातोसा वाटला तशी शिवमूर्तीनं हात दिला, आणि तो तिनं विहिरीवर आलेल्या बायकांच्या देखतही सोडला नाही.

चंद्रप्पांनी मागं वळून पाहिलं नाही. फक्त जरासं सरकून तिला बसायला जागा केली.