पुलावरची पाळी

रस्ता रुंद करायचा म्हणजे आडवं येईल ते आधी बाजूला करायचं. मग ते झाड असो, खांब असो, नाहीतर कुणाच्या आठवणीचा दगड. मी रस्त्याच्या कामावरचा मुकादम. दगडाला दगडच म्हणतो, उगाच हात जोडत बसत नाही.

हा दगड ओढ्यावरच्या पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी होता, कमरेइतका उंच. त्यावर कोरलेलं होतं की पुरात जुना पूल गेला त्या संध्याकाळी टपालवाल्याची बायको कंदील घेऊन इथे उभी राहिली, येणारी प्रत्येक गाडी तिने अडवली, आणि शेवटी स्वतःच वाहून गेली. धुकं पडलं की ती अजून हात करते, असं ड्रायव्हर लोक सांगायचे. मी म्हणायचो, "करू दे की! सिग्नलचा खर्च वाचला." पण खोटं कशाला बोलू, त्या पुलावर कधी अपघात झाल्याचं मला आठवत नाही.

तर तो दगड मी उचलून अलीकडे, विश्रामगृहासमोर नेऊन बसवला. तिथे सरळ रस्ता, हिरवळ, बसायला बाक. लोकांना फोटो काढायला बरं. साहेबांनी पाठ थोपटली आणि मीही फुगलो.

काही दिवसांनी विश्रामगृहाचा चौकीदार मला शोधत कामावर आला.

"मुकादम, तो दगड आल्यापासून दिवेलागणीला आमच्या फाटकासमोर गाड्या करकचून ब्रेक मारतात. म्हणतात, बाई आडवी आली."

"पोटातली उतरली की बाईही जाईल."

"मी पीत नाही, तुम्हाला माहीत आहे." त्याचा आवाज खाली गेला. "मीपण पाहिली... नखशिखांत ओली होती."

मी हसून त्याला वाटेला लावलं. पण हसू काही टिकलं नाही. दगडापाठोपाठ ती तिकडे गेली असेल, तर इकडे पुलावर कोण आहे? असले प्रश्न डोक्यात आले की मी स्वतःलाच शिवी हासडतो. तशी हासडली आणि कामाला लागलो.

माझी धाकटी बहीण बेकरीची गाडी चालवते. आई-वडील गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना. दिवसभर गावोगावी पाव टाकून संध्याकाळी ती पुलावरून परत येते आणि उरलासुरला पाव मला देऊन, चार टोमणे मारून घरी जाते.

त्या संध्याकाळी माणसं घरी गेली होती. मी पुलाच्या पलीकडे फावडी गोळा करत होतो. धुकं इतकं की पुलाचा कठडा दिसेना. तेवढ्यात पायाखालून माती सुटल्याचा आवाज आला... सुळसुळ, मग धप्. ओल्या मातीचा भपकारा नाकात गेला. वाकून पाहिलं. दगड काढल्याच्या खड्ड्यापासून रस्त्याचा भराव आतून ढासळला होता. वर डांबर जसंच्या तसं आणि खाली नुसती पोकळी, तिच्या तळाला ओढा. गाडीचं चाक पडलं की संपलं.

आणि बहिणीची यायची वेळ झाली होती.

फोन लावला. ती उचलत नव्हती. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही माझीच सक्त ताकीद! टॉर्च घेऊन रस्त्याच्या मधोमध धावत गेलो आणि हात वर करून उभा राहिलो. त्या धुक्यात टॉर्चचा उजेड हातभरसुद्धा जात नव्हता. मी ओरडत होतो ते मलाच नीट ऐकू येईना.

तेव्हा माझ्या बाजूने कुणीतरी गेलं. ओले कपडे रस्त्यावर घासल्याचा आवाज, आणि एक उसासा... दिवसभर राबून घरी निघालेल्या बाईचा असतो ना, तसा. मी मान वळवली नाही. हिंमतच झाली नाही.

मग ब्रेक किंचाळले. गाडीचं नाक माझ्या छातीशी येऊन थांबलं.

"दादा! वेड लागलंय का तुला? उडवला असता ना आत्ता!"

मी तिथेच रस्त्यावर बसून हमसून हमसून रडलो. ती पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्याच दिवशी भराव घातला आणि दगड मुकाट्याने मूळ जागी आणून बसवला. पण बाई त्यानंतर कुणाला दिसली नाही. ना विश्रामगृहापाशी, ना पुलावर. उलट ट्रकवाले मला विचारू लागले, "काय मुकादम, दुसरी पाळी घेतलीत का? रोज संध्याकाळी पुलावर हात करत उभे असता ते!"

मी संध्याकाळचा घरी असतो हो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बहिणीला मी काहीच बोललो नाही. ती पुलावर हॉर्न वाजवून मला हात करते, सकाळी फोनवर म्हणते, "थंडीचं कानाला काहीतरी बांधत जा." मी बरं म्हणतो. ती सुखरूप येते ना, मग तिथे कोण का उभं असेना.

पण आज सकाळी तिचा फोन आला.

"दादा, काल किती थकलेला दिसत होतास रे. बरं झालं मी थांबले. नाही नाही म्हणत शेवटी बसलास गाडीत."

"मग?"

"मग काय? तुझ्या दारात सोडलं की. वाटभर तोंड उघडलं नाहीस. आत गेलास, दार लावून घेतलंस. विसरलास?"

काल मी दिवसभर अंथरुणात तापाने पडून होतो. दाराला आतून कडी होती, ती सकाळी मीच काढली.

तेव्हा ताप कसा आहे विचारायला दारात आलात ते ठीक, पण आतल्या खोलीत काही वाजलं तर लक्ष देऊ नका. त्याची मला भीती नाही. चार दिवसांच्या पावसाने भराव पुन्हा खचतोय, धुकं उतरायला लागलंय, तिचा फोन लागत नाहीये, आणि पुलावर आज कुणीच नाही. सरका जरा, मला निघायला हवं.