भिंतीला टेकलेली कप्तान

“हा नियम लिहिणारा एक तर लबाड आहे, नाहीतर आळशी! आणि मला विचाराल तर दोन्ही!”

थिआ ऑल्ड्रेडनं नियमपुस्तक टेबलावर असं आपटलं, की तिचे दोन चिमुकले भालाईत धाडकन आडवे झाले. चर्चच्या हॉलमधली सगळी डोकी वर उठली.

“हळू, बदका, हळू!” समोरचे मिस्टर ब्रॅडवेल म्हणाले. ते ट्राम चालवायचे, आणि नॉटिंगहॅमच्या ट्रामवाल्याला सगळं जग बदकच. शाळकरी पोर असो की ऐंशीची आजी. “मी थोडाच लिहिलाय तो? मी फक्त बाण मारला.”

बाण मारला होता हे खरं. ब्रॅडवेलांच्या बोटाएवढ्या तिरंदाजानं थिआच्या बोटाएवढ्या कप्तानावर नेम धरला होता. कप्तान म्हणजे हातात कंदील घेतलेली, लाल केसांची बाई. थिआनं एका केसाच्या ब्रशनं तिच्या भुवया रंगवल्या होत्या. ‘राखेचे किल्ले’ या खेळात कप्तान पडली की खेळ संपला, म्हणून थिआनं तिला शहाणपणानं दगडी भिंतीआड उभं केलं होतं. पुस्तकात सरळ लिहिलं होतं: ‘भिंतीला टेकून उभा असलेला शिपाई बाणापासून सुरक्षित.’

“टेकलीय ती!” थिआ म्हणाली.

“कुठं टेकलीय? वाकून बघ.”

थिआ वाकली. कप्तान एका गोल चकतीवर उभी होती. भिंत उभी होती एका लाकडी पट्टीवर, आणि पट्टीवर हिरव्या भुशाचं गवत आणि बारीक खडे चिकटवलेले होते. चकती टेकली होती पट्टीला. भिंत होती तिच्या पलीकडे. मधे नखभर जागा.

“पट्टी म्हणजे भिंतच की!”

“पट्टी म्हणजे पट्टी. ए पंच!”

मिस्टर गारसाइड आले. या हॉलात भरणाऱ्या खेळांच्या क्लबाचे अध्यक्ष तेच, मुख्य पंचही तेच. कोपराला चामड्याची ठिगळं लावलेला लोकरी कोट, आणि नाकाच्या टोकावर चष्मा. त्यांनी एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला.

“टेकलेली नाही,” ते म्हणाले. “कप्तान बाद. पुढे चला.”

“अहो पण...”

“पंचाचा निर्णय, मिस ऑल्ड्रेड! दुपारच्या जेवणानंतर निकालावर सही करायला या. तोपर्यंत तक्रार असेल तर पुराव्यासकट. रडगाणं नको.”

ही नुसती एक हार नव्हती. दर शनिवारी खिडकीजवळचं एक टेबल मुलांचं असायचं. मोठ्यांना तिथं त्यांचा नवा जहाजांचा खेळ मांडायचा होता. हिवाळ्यातच त्यांच्या समितीनं बजावलं होतं, मुलांची जोडी ईस्टरच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत पोचली तरच टेबल राहील. जोडी म्हणजे थिआ आणि डॅरेल. दोघांनीही आजचे सामने जिंकायला हवे होते. डॅरेल जिंकला होता. आणि थिआ, एका नखभर फटीत पडली होती!

---

जेवणाला वाटाण्याचं घट्ट पिठलं आणि वर पुदिन्याची आंबट चटणी. एरवी थिआ वाटी चाटूनपुसून ठेवायची. आज तिचा चमचा नुसता गोल गोल फिरत होता.

“काहीतरी घोळ आहे,” डॅरेल म्हणाला. डॅरेल कॅम्बेल शांत मुलगा, पण त्याच्या कपाळावर आता आठ्यांचं जाळं पडलं होतं. “माझा कप्तानपण भिंतीआडच होता. समोरच्यानं हाच वाद घातला. मिस्टर गारसाइड आले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, टेकलाय, सुरक्षित!”

“काय?” थिआचा चमचा वाटीत पडला. “तेच गारसाइड?”

“तेच. तोच चष्मा, तोच कोट.”

“म्हणजे ते ब्रॅडवेलांच्या बाजूचे!” पिप ओरडली. पिप म्हणजे थिआची धाकटी बहीण. तिचं काम शिपायांची पेटी सांभाळायचं, पण तोंड दोन सेनापतींचं. “दोघं मित्र आहेत. मी त्यांना एकाच पिशवीतून चिप्स खाताना पाहिलंय!”

“चिप्स खाणं म्हणजे पुरावा नाही गं.”

“व्हिनेगर न घालता खात होते! अशी माणसं काहीही करतील!”

“गप गं, माकडे! आपण आधी बघू या,” थिआ म्हणाली.

बाकीचे सामने अजून चालू होते. तिघं वाट्या हातात घेऊन टेबलांमधून फिरू लागली, जणू फक्त भूक लागलीय. आणि जितकं पाहिलं तितकं डोकं जास्त गरगरलं!

एका टेबलावर गारसाइड म्हणाले, “टेकलाय.” पुढच्या टेबलावर म्हणाले, “नाही टेकलेला.” हॉलच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या पंच होत्या, मिसेस टॅन्स्ली. त्या म्हणाल्या, “पट्टीला टेकला ना? मग टेकला! पट्टी काय हवेत उगवलीय?” आणि त्यांच्या शेजारच्याच टेबलावर दोघा दाढीवाल्यांनी पंचाला बोलावलंच नाही. क्लबात जुनी चाल होती: वाद मिटेना तर फासा टाका, चार किंवा वर आलं तर तुमचं खरं. त्यांनी फासा टाकला, तीन आलं, आणि एका दाढीवाल्यानं मुकाट्यानं आपला कप्तान उचलून पेटीत ठेवला.

“म्हणजे टेकणं म्हणजे काय ते फासा ठरवतो?” पिपनं विचारलं.

“मला काही कळेनासं झालंय,” डॅरेल डोकं खाजवत म्हणाला. “लबाडी म्हणावी तर गारसाइडांनी ब्रॅडवेलांच्या मित्राविरुद्धही तोच निर्णय दिला. बघितलंस?”

थिआनं पाहिलं होतं, आणि त्यामुळेच ती जास्त गोंधळली होती. लबाडाला निदान बाजू असते. या माणसाला बाजूच नव्हती!

ती आपल्या रिकाम्या टेबलाशी परत आली. चिडून तिनं कप्तान उचलली.

“अशी नाही टेकत? मग अशी!”

तिनं चकती पट्टीवर चढवली. खड्यांवर चकती डगमगली आणि कप्तान तोंडावर पडली. तिनं बाजूनं लावून पाहिलं. कोपऱ्यातून लावून पाहिलं. पिपनं जीभ बाहेर काढून, श्वास रोखून लावून पाहिलं. धप्प!

“ही भिंत कुणाला जवळच येऊ देत नाही!” पिप म्हणाली. “सरंजामशाही भिंत!”

“थांब,” थिआ म्हणाली. “परत म्हण.”

“सरंजामशाही...”

“ते नाही! कुणालाच जवळ येऊ देत नाही. फक्त माझ्याच कप्तानाला असं नाही, कुणालाच! डॅरेल, तुझ्या टेबलावरची भिंत कशी होती?”

डॅरेलनं डोळे मिटले. “करडी. दगडी. सरळ टेबलावर उभी. एकदा माझं कोपर लागलं तर पडली...” त्याचे डोळे खाडकन उघडले. “पट्टी नव्हती! तिला पट्टीच नव्हती, थिआ!”

“मग काही भिंतींना पट्टी आणि काहींना नाही, असं का?” पिपनं विचारलं.

“ते सामानाच्या खोलीला विचारू,” थिआ म्हणाली.

---

सामानाची खोली हॉलच्या टोकाला, रंगमंचाच्या खाली होती. बुटका दरवाजा, बाहेरून कडी. आत गर्ल गाइड्सचे तंबू, मोडक्या खुर्च्या, आणि नाताळच्या देखाव्यातलं कागदाच्या लगद्याचं गाढव. पिप अंधारात थेट गाढवाच्या मिठीत गेली आणि किंचाळणार तेवढ्यात डॅरेलनं तिचं तोंड दाबलं.

“इकडे!” थिआ कुजबुजली.

फळीवर एक खोकं होतं. त्यात करड्या भिंती, सगळ्या बिनपट्टीच्या. शेजारी एक भिंत पट्टीवर अर्धवट चिकटवलेली, वर जामची बरणी दाबून ठेवलेली. गोंदाची डबी कोरडी ठणठणीत. आणि सगळीकडे सांडलेला हिरवा भुसा.

“कुणीतरी भिंती पडू नयेत म्हणून पट्ट्या लावत होतं,” डॅरेल म्हणाला. “गोंद संपला आणि काम अर्ध्यावर सोडलं.”

“पण कुणी?”

दरवाजा करकरला. तिघं गाढवामागे दडली. एक माणूस आत आला, वाकून एक खुर्ची ओढली. त्याच्या कोटाच्या बाहीची शिवण थिआच्या नाकापुढून गेली. चामड्याच्या ठिगळाच्या कडेनं, शिवणीत रुतून बसलेला हिरवा भुसा!

“पोरं गेली कुठं?” गारसाइड पुटपुटले. “सही राहिली तर सामना ब्रॅडवेलच्या नावावर पक्का करून टाकतो.” ते बाहेर गेले. आणि धाड! कडी लागली!

“आपण कोंडले गेलो!” पिप म्हणाली. “आता गाढव खाऊन जगावं लागेल!”

“कागदाचं आहे ते.”

“म्हणूनच म्हणते, शाळेच्या जेवणासारखंच लागेल!”

डॅरेल वर बघत होता. दर नाताळात होणाऱ्या परीकथेच्या नाटकात राक्षस धूर सोडत रंगमंचाच्या पोटातून वर यायचा. म्हणजे वर झडप असणारच! त्यानं खुर्ची ठेवली, खांदा लावला. झडप हलली.

हॉलमधल्या लोकांनी जे पाहिलं ते असं: गारसाइड ओरडत होते, “शेवटची हाक! मिस ऑल्ड्रेड!” आणि त्यांच्या पाठीमागे, रंगमंचाच्या फळ्या फाडून, आधी एक धुळीनं माखलेला हात वर आला. हातात एक करडी भिंत. मग थिआचं डोकं. मग पिप, कानात हिरवा भुसा.

“हजर!” थिआ म्हणाली. “तक्रार आहे. पुराव्यासकट!”

---

सगळे तिच्या टेबलाभोवती जमले. गारसाइड लालबुंद झाले होते.

“पट्टी भिंत आहे की नाही, हा वाद आम्ही मोठी माणसं पूर्ण हिवाळाभर घालतोय,” ते म्हणाले. “पबमध्ये. नकाशे काढून. तू काय नवीन सांगणार? फार तर फासा टाकू. चार किंवा वर आलं तर तुझं.”

“नाही टाकणार! फाशानं भिंत सरकते का?”

कुणीतरी हसलं. थिआनं तळहात पुढे केला.

“मिस्टर गारसाइड, तुमचा आवडता शिपाई द्या.”

गारसाइडांनी खिशातून एक चंदेरी सरदार काढला. तो सदैव त्यांच्या खिशात असायचा.

“आता याला या टेबलावर बाणापासून वाचवा. तुमच्याच निर्णयाप्रमाणे. भिंतीला टेकवून दाखवा.”

“त्यात काय!” गारसाइडांनी सरदार ठेवला. मधे फट राहिली. पट्टीवर चढवला. सरदार घसरून पडला. त्यांनी चष्मा वर सरकवला, कोट काढला, गुडघे टेकले. सरदार पुन्हा पडला. आता कुणीच हसत नव्हतं.

“टेकतच नाही,” गारसाइड हळूच म्हणाले.

“कुणाचाच टेकत नाही! म्हणजे तुमच्या निर्णयानं या भिंतीआड कुणीच कधी सुरक्षित नाही. मग ही भिंत इथं आहे कशाला? शोभेला?” थिआनं हातातली बिनपट्टीची भिंत शेजारी ठेवली, कप्तान तिला टेकवली. चक्क टेकली! “हिला टेकते. डॅरेलच्या टेबलावर अशा होत्या. अर्ध्या भिंतींना पट्ट्या लागल्या, अर्ध्यांना नाही, आणि ज्यांना ज्या टेबलावर बसवलं त्यांचं तसं नशीब! तुम्ही हिवाळाभर शब्दाचा कीस काढलात. भिंतीकडे एकानं तरी वाकून बघितलं का?”

“पण पट्ट्या लावल्या कुणी?” ब्रॅडवेलांनी विचारलं.

पिपनं गारसाइडांच्या काढून ठेवलेल्या कोटाच्या बाहीकडे बोट दाखवलं.

गारसाइडांनी बाही पाहिली. शिवण पाहिली.

“भिंती सारख्या पडायच्या,” ते शेवटी म्हणाले. “मला वाटलं, गवत लावलं की छान दिसेल. मग गोंद संपला. मग... विसरलो.”

“अरे देवा, ह्यूबर्ट!” मिसेस टॅन्स्लींनी कपाळावर हात मारला. “म्हणजे आपणच नियम मोडला, आणि आपणच त्यावर भांडत बसलो! ऐका सगळे. आजपासून पट्टी ही भिंतच. ज्यांचे कप्तान असे पडले त्यांचे डाव तिथूनच पुन्हा. आणि तुम्ही दाढीवाले, काढा तुमचा माणूस पेटीतून!”

ब्रॅडवेलांनी आपला बाण स्वतःहून मागे घेतला. “बरोबर आहे, बदका. चल, खेळू.”

आणि खेळ झाला! लाल केसांची कप्तान भिंतीआडून निघाली, भालाइतांच्या आडोशानं ओढा ओलांडून गेली, आणि ब्रॅडवेलांचा कप्तान पुलावर एकटा पडला. शेवटचा फासा पडला तेव्हा पिपचा ओरडा रस्त्यावर ऐकू गेला असेल. ब्रॅडवेलांनी टेबलावरून हात पुढे केला. “इतकी वर्षं खेळतोय, पण भिंत उचलून कोणी दाखवली नव्हती. शाब्बास!”

“शाब्बास तिघांनाही,” मिसेस टॅन्स्ली म्हणाल्या. “या क्लबात एवढे चष्मे, आणि नजर मात्र या पोरांना!”

गारसाइडांनी घसा खाकरला. “हुशार आहात. खरंच. चूक माझी. मी कबूल करतो.”

“मग आमचं खिडकीजवळचं टेबल?” डॅरेलनं विचारलं. “आम्ही शेवटच्या फेरीत पोचलो.”

“हां, ते... समिती योग्य वेळी योग्य तो विचार करेल,” गारसाइड म्हणाले आणि कोट चढवू लागले.

थिआनं डॅरेलकडे पाहिलं, पिपकडे पाहिलं. मग ती गारसाइड आणि दरवाजा यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

“योग्य वेळ म्हणजे कुठली? योग्य विचार म्हणजे कुठला? समिती इथंच उभी आहे, सगळीच्या सगळी. टेबल आमचं राहणार की नाही? आत्ता सांगा, मिस्टर गारसाइड. हो की नाही?”