तीनशे साठच्या पुढे

पहिल्याच भेटीत त्यानं मला खोटारडी म्हटलं. तेही अहो-जाहो करून!

"डी. जी. कलशेट्टी कुठं भेटतील?" पुण्याच्या एस.टी.तून उतरून तो थेट आमच्या वेधशाळेत आला होता. "वाऱ्याच्या नोंदी मनानं लिहितात ते गृहस्थ..."

"गृहस्थ न्हाई, मीच ती. दानम्मा कलशेट्टी."

तो ओशाळला, पण हटला नाही. हिंदुराव त्याचं नाव, मूळचा मंगळवेढ्याचा. चौऱ्याहत्तर साली सोलापुरात कॉम्प्युटर कुणी पाहिला होता! पुण्याच्या हवामान खात्यात तो माझ्या नोंदी पंचकार्डांवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवर, चढवून कॉम्प्युटरवर तपासायचा.

"दहा मिनिटांत तीनशे अठ्ठावन्न अंशांवरून चारवर? वारा आहे की भिंगरी?"

मी त्याला गच्चीवर नेलं. वाऱ्याचा बाण उत्तरेला थरथरत होता. जरा डावीकडे, तीनशे अठ्ठावन्न. जरा उजवीकडे, चार.

"बघा की! सहाच अंश हलला. उत्तरेला तीनशे साठ संपून शून्य सुरू होतं, त्याला वारा काय करनार?"

तो बाणाकडे बघत राहिला... मग माझ्याकडे. पदर आवरता आवरता मला उगाच हसू येत होतं.

"मी... नोंदी खोट्या आहेत म्हणून वर कळवून बसलोय."

माझं हसू विरलं. नोकरी तात्पुरती होती. अक्कलकोटहून अप्पांनी वर्षाच्या बोलीवर पाठवलं होतं. कायम झाले नाही तर घरी परत, आणि ते सांगतील त्याच्याशी लग्न.

चूक निस्तरतो म्हणत तो पुण्याला परतला, तरी महिनाअखेरीस मला कामावरून कमी केल्याची ऑर्डर आली. अप्पा न्यायला आले. माझी वळकटी त्यांनी स्वतःच बांधली, आणि तेच मला सोसवेना. मी ट्रंक उचलली, तेवढ्यात वेधशाळेच्या फाटकातून हिंदुराव आला. दाढी वाढलेली, हातात छापील कागदांची लांबलचक घडी.

"आता कॉम्प्युटर प्रत्येक आकडा आधीच्याशी ताडून बघतो," तो धापा टाकत म्हणाला. "अर्ध्या वर्तुळाहून मोठी उडी दिसली की अख्खं वर्तुळ, तीनशे साठ, मिळवायचं, उडी उलटी असेल तर वजा करायचं. चार नव्हे, तीनशे चौसष्ट! आलेखाची रेघ कुठंच तुटत नाही."

मग तो अप्पांपुढे जाऊन उभा राहिला. "चूक माझी होती. तुमची मुलगी खरी आहे. ऑर्डर मागं घेतल्याचं पत्र आणलंय."

अप्पांनी पत्र दोनदा वाचलं. "खोटं बोलायला शिकवलंच न्हाय मी तिला," ते हळूच म्हणाले. "ठेव ती ट्रंक खाली, दानम्मा."

गच्चीवर त्यानं मला शेवटचा आकडा दाखवला. एक हजार सत्त्याऐंशी, म्हणजे तीनदा तीनशे साठ आणि वर सात. "महिनाअखेर वारा पुन्हा उत्तरेलाच. पण तीन फेऱ्या मारून..." तो थांबला. "मीही पुन्हा इथंच उभा आहे. पण त्या दिवशीचा हिंदुराव समजू नका."

"पत्र पोस्टानंबी आलं असतं की."

"आलं असतं. तुम्ही दिसला नसतात." त्यानं कागदांची घडी पुन्हा नीट घातली. "रविवारी... अप्पांना भेटायला अक्कलकोटला येऊ?"

मी वही उघडली, तारीख घातली.

"या. नोंद केली मी," मी म्हटलं. "आनि माझी नोंद खोटी नसती."