भागूनं परत घेतलेला आवाज

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण यातलं काहीही मी मनाचं घातलेलं नाही.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या आरतीबाई घोडेगावला राहतात, अंगणवाडीत शिकवतात. त्यांनी मला हे दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा एक शब्दसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. २०२५ सालचा फेब्रुवारी महिना. भर दुपार. डोक्यावर लख्ख ऊन.

सुरुवात मात्र बावीस वर्षांपूर्वीची.

तेव्हा नारायणगावात 'सोंगवाले' नावाचा एक बँड होता. चार पोरं. ढोलकीच्या शेजारी गिटार, तोंडावर कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे, आणि प्रत्येक गाणं म्हणजे एक अख्खा नाटकाचा प्रवेश. तमाशावाले त्यांना हसले, 'हा कसला धिंगाणा' म्हणाले. पुण्याचे रॉकवाले त्याहून जास्त हसले. २००३ साली त्यांची एकच कॅसेट निघाली. 'आडवा डोंगर'. कुणी घेतली नाही. बँड मोडला.

कॅसेटवर चार नावं होती.

पाचवं नव्हतं.

ते पाचवं नाव भागूचं. आरतीची थोरली बहीण. आहुप्याच्या खोऱ्यातून हिरड्याची पोती घेऊन खाली उतरणाऱ्या घरातली पोर. मुखवटे तिनं केले. गाणी तिनं रचली. आणि पडद्यामागं उभं राहून दुसरा आवाज तिनं लावला. बँडचा म्होरक्या कुंडलिक म्हणाला, "बाईमाणसाचं नाव टाकलं तर लोक नाचगाणं समजतील. पुढच्या कॅसेटवर टाकू."

पुढची कॅसेट निघालीच नाही. तीन वर्षांनी कावीळ झाली आणि भागू गेली.

मग २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या मोहित नावाच्या एका संगीत समीक्षकानं लांबलचक लेख लिहिला. 'आडवा डोंगर' आपण नीट ऐकलाच नाही, असं त्याचं म्हणणं. काळाच्या वीस वर्षं पुढची गाणी आहेत, आपण मुखवटे बघून हसलो आणि कान बंद केले. सगळ्यात जास्त त्यानं लिहिलं होतं त्या दुसऱ्या आवाजाबद्दल. 'तो आवाज आला की अंगावर काटा येतो. ती बाई कोण?'

आरतीनं तो लेख तीनदा वाचला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

लेखाखालच्या कॉमेंटमध्ये कुंडलिकचं उत्तर होतं.

'बाई कसली? तो आवाज मीच काढलाय. सोंगच होतं ना ते!'

आरतीच्या डोक्यात तिडीक गेली. हातातला मोबाईल तिनं भिंतीवर मारायचा बाकी ठेवला. नंबर शोधून तिनं थेट मोहितलाच फोन लावला.

"तो आवाज माझ्या बहिणीचा हाय. त्या माणसानं ती जिवंत असताना तिचं नाव खाल्लं, आता मेल्यावर गळा बी खातोय."

मोहित चार दिवसांनी आला. सकाळी अकराची वेळ. आरतीनं पेटीतून भागूची स्वतःची कॅसेट काढली, जुना टेप लावला.

ढोलकी सुरू झाली. गिटार आली. कुंडलिकचं कडवं संपलं.

"आता ऐका, पावणं," आरती म्हणाली. "आता ती येती."

आणि...

कुणीच आलं नाही.

ढोलकी वाजत होती. गिटार वाजत होती. मधे आवाजाची जागा मोकळी. दात पडल्यासारखी.

"कॅसेट जुनी झाली असेल, ताई," मोहित म्हणाला. "माझ्या मोबाईलमध्ये आहे. याच फाईलवरून लिहिलंय मी."

त्यानं लावलं.

ढोलकी. गिटार. कडवं...

काहीच नाही.

त्याचा चेहरा उतरला. त्यानं पुण्यातल्या मित्राला फोन करून त्याच्याकडची कॉपी लावायला सांगितली. तिकडून मित्र म्हणाला, "अरे, बाईचा आवाज गेला कुठं? परवाच तर ऐकला मी!"

मोहितनं हेडफोन लावून ती जागा पुन्हा ऐकली. पुन्हा. पुन्हा. मग हेडफोन काढून आरतीच्या कानाला लावले.

अगदी बारीक आवाज होता.

श्वास.

गाण्याआधी छाती भरून घेतात ना, तसा. एकच. ओठ उघडल्याचंही कळत होतं.

आणि मग ती गातच नव्हती.

"माझ्या अंगाला घाम फुटला," आरतीबाई मला म्हणाल्या. "पण खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी बरं वाटलं. म्हणलं, बरं केलंस भागे. काढून घे. कुणाला काय द्यायचं न्हाई."

आठ दिवसांनी आळेफाट्याजवळच्या एका मंगल कार्यालयात सोंगवाल्यांचा सत्कार ठेवला होता. दुपारी तीनला. आरती गेली ती भांडायलाच. चारचौघांत उभं राहून त्याची सालटी काढायची, एवढंच तिच्या मनात होतं.

दारातच कुंडलिक भेटला. पांढरे कपडे, गळ्यात हार.

"ताई, कशाला तमाशा करता? तिला जाऊन किती वर्षं झाली. आता तिला नाव काय करायचंय?"

"तुला काय करायचंय ते सांग आधी," आरती म्हणाली. "तुला तर तुझं व्हतं की!"

तो हसला आणि स्टेजवर चढला. मुखवटा चढवला. भागूनंच केलेला, लाल जिभेचा. माईक हातात घेऊन म्हणाला, "लोक विचारतात ती बाई कोण. बघा आता ती बाई!"

टाळ्या. शिट्ट्या.

ढोलकी सुरू झाली. पहिलं कडवं त्यानं झोकात म्हटलं. आरती उभी राहिली, ओरडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात ती जागा आली.

कुंडलिकनं मान वर केली...

आवाज नाही.

माईकवाल्यानं बटणं फिरवली. माईक चालू होता. कुंडलिकच्या हातातल्या बांगडीसारख्या जाड कड्याचा खणखणाट ऐकू येत होता. गळ्याच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या. तो ओरडत होता. पण हॉलमध्ये काहीच पोचत नव्हतं.

मग सगळ्या स्पीकरांतून एकदम...

श्वास.

लांब. भरून घेतलेला.

हॉलमधली दोन-अडीचशे माणसं गप्प झाली. पुढच्या रांगेतलं एक तान्हं पोर रडायला लागलं.

कुंडलिकनं माईक टाकून मुखवटा ओरबाडून काढला. तोंड उघडंच. डोळे पांढरे. आवाज काही फुटेना.

ढोलकीवाला ज्ञानेश्वर जागेवरून उठला. पंचेचाळिशीचा माणूस. त्यानं पडलेला माईक उचलला.

"भागू गायची ते," तो म्हणाला. "सगळी गाणी तिचीच व्हती. आमी चौघांनी गिळून घेतलं. मी बी. मला माफ कर, बाई."

लोकांना वाटलं, आता आवाज येईल. सगळे स्पीकरकडे बघत राहिले.

आला नाही.

कुंडलिकचा आवाज दीड महिन्यानं परतला, तोही घोगरा. डॉक्टर म्हणाले गळ्यात काही दोष नाही. मोहितनं दुसरा लेख लिहिला. मथळ्यातच भागूचं नाव. इंटरनेटवरच्या 'आडवा डोंगर'वर तिचं नाव पहिलं आलं. ज्ञानेश्वर आहुप्याच्या खोऱ्यात जाऊन नारळ फोडून आला.

पण एकाही कॉपीत तिचा आवाज परत आला नाही. कुणाच्याच.

मी आरतीबाईंना विचारलं, "आता तर तिला न्याय मिळाला. मग का येत नसेल?"



"माझं लगीन ठरत व्हतं तवा पावणं आलं व्हतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी विचारलं, ती बँडमधी गाणारी पोरगी तुमचीच का? मी म्हणलं, न्हाई हो. माझी बहीण शिवणकाम करती. गाणंबिणं तिला येतच न्हाई."

"मग?"

"ती आत चहा गाळत व्हती. पातळ भिंत."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"भागूचा चेहरा आठवतो. डिंकानं चिकट झालेली बोटं आठवतात. पण त्या दिवसापासनं, तो हॉलमधला श्वास ऐकल्यापासनं, तिचा आवाज माझ्या बी ध्यानात राहिला न्हाई. ल्हानपणी ती मला लाडाचं एक नाव घेऊन हाक मारायची. घरात दुसरं कुणी त्या नावानं बोलवत नव्हतं."

"कोणतं नाव?"

आरतीबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग होता की भीती, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"त्येच तर," त्या म्हणाल्या. "गेलं."