खोट्या बाणांचे सहा दगड

"असेच चालत राहिलात तर थेट समुद्रात पडाल," मी म्हणाले.

तो दचकला. हातात होकायंत्र, बुटांत काळी राख... बेटावर नवा आलेला प्रत्येक भूशास्त्रज्ञ खडकावर होकायंत्र ठेवून फसतो. इथल्या लाव्हात मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज ठासून भरलंय, सुई त्याच्याकडेच ओढली जाते.

"मग तुम्ही उत्तर कशी शोधता?"

"सूर्य बघून. ढग असले तर घरी जाऊन चहा पिते."

तो हसला... आणि माझी बोलती बंद झाली. माझी! माझ्या बडबडीला अंथरुणाला खिळलेले बाबासुद्धा कंटाळतात.

मी ज्वालामुखीच्या वेधशाळेत दगडांचे नमुने सांभाळते, म्हणून आठवड्याभरात तो मला 'नमुना' म्हणू लागला. मी रागावल्याचं नाटक केलं. आमचं काम जोडीचं. तो ड्रिलने खडकात बोटाएवढी कांडी कापायचा. ती मोडून बाहेर काढण्याआधी मी तिच्यावर उत्तरेचा बाण ओढायची. लाव्हा थंड झाला तेव्हा उत्तर कुठे होती, ते आतलं मॅग्नेटाइट जपून ठेवतं. पण बाण नसेल तर कांडीचा काही उपयोग नाही.

कामाच्या शेवटच्या दिवशी कड्यावर सहा कांड्या कापून झाल्या.

"या सहांवरच सगळं अडलंय. नीट निघाल्या तर मला इथे अजून दोन वर्षं मिळतील," तो म्हणाला.

"बेट फारच आवडलेलं दिसतंय."

"बेटाचं कोण बोलतंय?" माझ्याकडे बघत तो म्हणाला, आणि ड्रिल घेऊन खाली उतरला.

माझं काळीज धडधडत होतं. त्याच आनंदात मी सहाही कांड्या पटापट मोडून काढल्या... बाण न ओढताच. लक्षात आलं तेव्हा कुठली कांडी खडकात कशी बसली होती, ते सांगता येत नव्हतं. तो परत यायच्या आत मी अंदाजाने सहा बाण ओढून टाकले.

दुसऱ्या दिवशी तो खोकी भरत होता. "किती सुरेख बाण काढतेस गं."

आता फक्त गप्प राहिलं की झालं. दोन वर्षं माझी होती.

"शेवटचे सहा खोटे आहेत," मी म्हणाले.

त्याने हातातली कांडी खाली ठेवली. मग वही उघडून त्याने त्या सहा कांड्यांचे आकडे खोडले. ड्रिल सकाळीच बोटीवर चढलं होतं.

"सांगितलं नसतंस तर... कुणालाही कळलं नसतं."

"तुम्ही जन्मभर त्या बाणांवर विश्वास ठेवला असता."

धक्क्यावर त्याने माझा हात धरला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. चल माझ्याबरोबर."

"माझंही आहे... पण बाबांना कोण बघणार?"

त्याने हळूच माझा हात सोडला. बोटीचा भोंगा झाला.

घरी आले. बाबांना उठवून बसवलं, पाठीशी उशी लावली.

"गेला का गं तो?"

"गेला."

"येईल की परत. चांगला मुलगा आहे."

"नाही येणार, बाबा," मी म्हणाले. "मीच घालवला त्याला."