तिसरा आरसा

"तीस सेकंद कुणी जागचं हलायचं नाही," मामा म्हणाला. "ढोल्या, पोट आत ओढून उभा राहू नकोस. मध्येच सुटलं तर लाकडी जमीन हादरेल."

मामाचा मुलगा ढोल्या फुरंगटला. त्याची बहीण चोंबडी फिस्सकन हसली. त्यांची आतेबहीण बारकी मात्र हसली नाही. तिचे बाबा जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून तिला हसू येत नव्हतं की रडू येत नव्हतं. इंजेक्शन दिल्यावर हिरडी बधिर होते ना, तसं तिचं आतून सगळं झालं होतं.

तळघरातला हा नाचाचा हॉल बाबांचाच. उद्या सकाळी आई तो पुन्हा उघडणार होती. सोळा चिल्लीपिल्ली पहिल्या वर्गाला यायची होती आणि त्याआधी वेबसाइटवर हॉलचे फोटो चढवायचे होते. उजेड म्हणाल तर छताजवळच्या दोन झरोक्यांतून येईल तेवढाच. फ्लॅश मारावा तर भिंतीवरच्या पुरुषभर उंचीच्या तीन आरशांत नुसता झगझगाट. म्हणून मामानं कॅमेरा स्टँडवर लावून शटर तीस सेकंद उघडं ठेवलं.

फोटो पाहून त्यानं कपाळाला हात लावला. "हललं कोण? पुसट आलाय."

बारकीनं वाकून पाहिलं. "कॅमेरा हलला असता तर सगळंच पुसट आलं असतं. फक्त तिसऱ्या आरशात दिसणाऱ्या खुर्च्या पुसट आहेत."

"मग खुर्च्या नाचल्या असतील," ढोल्या म्हणाला. "हॉलच नाचाचा आहे."

"खऱ्या खुर्च्या बघ की. त्या स्वच्छ दिसताहेत."

वरच्या मजल्यावरच्या लाँड्रीतलं यंत्र तेवढ्यात थांबलं. मामानं दुसरा फोटो घेतला, तो लख्ख आला. यंत्र पुन्हा घरघरू लागल्यावर तिसरा घेतला. तिसरा आरसा पुन्हा पुसट!

"म्हणजे आरसाच हलतोय," चोंबडी पुटपुटली. उद्या सोळा पोरं त्याच आरशाला खेटून उभी राहणार होती.

आईला सांगितलं तर ती वैतागली. "काचवाल्यानं परवाच प्रत्येक आरशाला आठ-आठ स्क्रू मारलेत. आता नवं खूळ काढू नका."

तेवढ्यात काचवाला आपली विसरलेली शिडी न्यायला आला. "काचेला काय थंडी वाजतेय?" तो हसला. "मुलांचं काय मनावर घेता, ताई?"

बारकी चोंबडीच्या कानाला लागली. चोंबडी लगेच लाडात आली. "काका, तुमचा फोटो वेबसाइटवर टाकायचाय. 'आरसे यांनी बसवले' असं लिहू. त्या तिसऱ्या आरशाला पाठ टेकून उभे राहता?"

काचवाल्यानं केस सारखे केले, ऐटीत निघाला आणि दुसऱ्या आरशापाशी जाऊन उभा राहिला.

"तो नाही, काका. पलीकडचा."

"इथे उजेड बरा आहे."

"तिथे तर वरच झरोका आहे," बारकी शांतपणे म्हणाली. "टेकायला भीती वाटते का?"

काचवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. आई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तो चाचरत कबूल झाला, की शेवटच्या आरशाला स्क्रू कमी पडले. त्यांच्या जागी नुसत्या चकचकीत टोप्या चिकटवल्या आणि आरसा गोंदावर बसवला. मामानं लगेच वरचं यंत्र बंद करायला लावलं. त्यानं आणि काचवाल्यानं मिळून आरसा उतरवला, तेव्हा मागच्या गोंदाचे पापुद्रे हाताबरोबर निघून आले.

मामानं बारकीची पाठ थोपटली. "सोळा पोरं वाचवलीस गं. मोठ्यांच्या डोळ्यांवर झापडं होती." ढोल्या आणि चोंबडी तर तिच्याभोवती नाचायलाच लागली. बारकीनं नुसती मान डोलावली.

आई तिच्याशेजारी जमिनीवर येऊन बसली. "मी तुझं ऐकायला हवं होतं. फार हुशार आहेस तू. आनंद नाही झाला?"

"मला काहीच होत नाही, आई. बाबा गेल्यापासून काहीच नाही."



"मलाही काही होत नाही," आई म्हणाली. "मला वाटायचं, मी एकटीच अशी."

बारकी सरकून आईला टेकली, आणि दोघी तशाच बसून राहिल्या.